ह्यांच्या नंबरवर आलेलं गणित

रविवारची दुपार. जेवण एकटीचं, त्यामुळे भांडीही लगेच आटोपतात. मी पंख्याखाली आडवी होते. डोळे जड झालेत, पण झोप येत नाही, कारण उशाशी ह्यांचा फोन आहे आणि त्यात रेवणचं गणित आहे.

रेवण आमचा मुलगा. लातूरला वसतिगृहात राहून बारावी करतो. तिथं पोरांना फोन फक्त रविवारी मिळतो. हे होते तेव्हा रविवार बापलेकांचा असायचा. त्यानं अडलेल्या गणितांचे फोटो पाठवायचे, ह्यांनी सोडवून परत धाडायची. हे इथं बार्शीत ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवायचे. गेल्या पौषात वर्गावर जाता जाता जिन्यातच गेले. तेव्हापासून रेवण मला फोन करतो, "जेवलो, बरा आहे," म्हणतो आणि ठेवतो.

ह्यांचा फोन मी उगीचच चार्ज करून ठेवते. आज सकाळी तो वाजला. गणिताचा फोटो, खाली एक ओळ: बाबा, हे येत नाही.

मी मराठी घेऊन बी. ए. झालेली. गणित दहावीला सुटलं ते सुटलंच. तरी सकाळपासून त्या फोटोकडे बघतेय, हातातलं पेन खाली ठेववत नाही.

पंख्याचा आवाज लांब जातो.

"सरक जरा," हे म्हणतात.

मी सरकते. हे पलंगावर बसतात, नेहमीच्या हाफ शर्टात, आणि फोन डोळ्यांपासून लांब धरून वाचतात. हे गेलेत हे मला माहीत आहे. पण बोलून दाखवलं तर उठून जातील, म्हणून गप्प राहते.

"सोपं आहे गं, शैला. चेंडू सरळ वर फेकलाय. सगळ्यात उंच कधी पोचेल, किती उंच, आणि त्या क्षणी वेग किती, त्वरण किती."

"मग सोडवा ना."

"तू सोडव."

"मला कुठं येतंय?"

"मी बसलोय ना इथं."

आम्ही कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहोत. बाकं रिकामी. कोपऱ्यात बर्नरवर आमच्या घरचं दूध उतू जायला आलंय. मी आच बारीक करते. हे फळ्यावर टेकडीसारखी एक रेघ काढतात.

"ही चेंडूची उंची. इथं चढ कसा आहे?"

"खडा."

"इथं?"

"कमी झाला."

"आणि माथ्यावर?"

मी हवेत तळहात फिरवून बघते. "चढ नाही, उतारही नाही."

"म्हणजे शून्य. चढाचं सूत्र काढायचं, ते शून्य धरायचं, की वेळ मिळते. ह्यालाच पोरं डेरिव्हेटिव्ह म्हणून घाबरतात."

मला हसू येतं. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला कधी शिकवलं नाही, मीही विचारलं नाही. हे किती सावकाश बोलतात शिकवताना! घरी तर निम्मं वाक्य तोंडातच राहायचं.

गच्चीवर ऊन आहे. हे वाळवणातलं एक लिंबू उचलून वर फेकतात. लिंबू वर जातं आणि खाली येत नाही.

"वेग शून्य," मी म्हणते.

"शाबास. त्वरण?"

"तेही शून्य. थांबलंय की ते."

"थांबलंय खरं. पण जमिनीनं ओढायचं सोडलंय का? सोडलं असतं, तर ते तिथंच राहिलं असतं."

"राहू दे ना मग तिथंच."

हे माझ्याकडे बघतात. "तसं होत नाही, शैला."

लिंबू खाली पडतं.

एसटी स्टँडवर कुणीच नाही. फक्त लातूरची गाडी लागलीय, इंजिन चालू.

"निघतो. तास आहे माझा."

"रेवणला काय सांगू?"

"उत्तर सांग."

"आणि बाकीचं? तो बोलत नाही हो माझ्याशी. मलाही सुचत नाही काय विचारावं. घर खायला उठतं."

"आधी हे लिही. विसरशील."

"कागद नाही."

"असेल त्यावर लिही."

मी स्टँडच्या भिंतीवर लिहायला लागते. भिंत मऊ आहे, पेन अडखळतं. हे मागे उभे आहेत, शेवटची पायरी झाल्यावर म्हणतात, "नुसतं वीस? वीस काय? आंबे?"

"मीटर."

"आता बरोबर."

वळून बघते तर गाडी नाही, हेही नाहीत.

जाग येते तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलंय. पेन अजून मुठीत आहे. चादरीवर निळी टेकडी काढलेली, माथ्यावर एक आडवी रेघ, खाली वेडेवाकडे आकडे, शेवटी 'मीटर'. अक्षर माझंच आहे. पण लिहिलंय ते पलंगाच्या ह्यांच्या बाजूला. बोट फिरवते तर शाई बोटाला लागते.

चादरीचा फोटो काढून ह्यांच्याच फोनवरून पाठवते. खाली लिहिते: आई.

तो बघतो. दोन खुणा निळ्या होतात. मी पलंगाच्या कडेला बसून राहते. शेवटी फोन वाजतो.

"आई, चादरीवर?"

"कागद नव्हता रे."

तो हसतो. मग नाक ओढल्याचा आवाज येतो. "उत्तर बरोबर आहे," तो म्हणतो. "अजून एक आहे. पाठवू?"

"पाठव," मी म्हणते. "पण फोन ठेवू नकोस."