तो टेलेक्स आला होता

तो टेलेक्स आला होता. माझ्या हातात आला होता, मी तो दोनदा वाचला होता आणि घडी करून हॉटेलच्या माहितीपत्रकात ठेवून दिला होता. दोहातल्या आमच्या ऑफिसात आणि वसईतल्या एका घरात आजवर असंच समजलं जातं, की तो ऑपरेटरच्या हातून हरवला. तसं झालेलं नाही. माझं वय आता ब्याऐंशी आहे. हे लिहायला मी इतकी वर्षं लावली, याला काही सबब नाही.

एकोणीसशे सत्तरचं दशक संपत आलं होतं. एका कतारी मालकाच्या कंपनीत मी पत्रव्यवहार सांभाळायचो. कंपनी लाकूड, फरशा, नळाचं सामान बाहेरून मागवायची. त्याच टेबलावर हळूहळू साहेबांच्या घरच्या प्रवासाची कामंही आली. उन्हाळ्यात ते कुटुंबाला घेऊन युरोपात जायचे, आणि कुठल्या शहरात कुठल्या हॉटेलात उतरायचं हे मी काढून द्यायचो. मी स्वतः मुंबई आणि दोहा यांपलीकडे विमानातून उतरलो नव्हतो. पण पोस्टाने हॉटेलांची माहितीपत्रकं यायची, जाड गुळगुळीत कागदाची, ती मी शहरवार फायलीत लावायचो. त्यातली वाक्यं पाठ झाली होती. ऑफिसात सगळे म्हणायचे, हॉटेलचं याला विचारा. मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

तारेवरून टाइप होऊन निरोप यायचे त्या टेलेक्स मशीनवर बसणारा माझा दोस्त वसईचा ख्रिस्ती, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. दोहाच्या बिन महमूद भागातल्या एका फ्लॅटमध्ये आम्ही एकत्र राहायचो. माझं अक्षर चांगलं म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. चर्च तेव्हा तिथे नव्हतं. शुक्रवारी सकाळी त्याची मंडळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमायची. तिथून आला की मासे तो करायचा, भात मी लावायचो. जेवण झालं की तो पलंगावर आडवा होऊन म्हणायचा, "काढ रे मास्तर तुझे राजवाडे."

मग आम्ही हॉटेलं निवडायचो. आपल्या बायकांसाठी.

"ही बघ न्हाणी," तो म्हणायचा, "आपल्या अख्ख्या फ्लॅटएवढी. माझी बायको आत गेली तर परत यायची वाट विसरेल."

"बाल्कनी बघ की. समोर चर्च आहे तुझ्यासाठी."

"चर्च ठीक आहे. पण ती पहिलं विचारणार, मासळीबाजार कुठे? त्याची सोय लिहिलीय का तुझ्या कागदावर?"

मी पाच वर्षं एकटा होतो. मुलगी माझ्या मागे जन्मली होती, तिला मी दोनदाच सुट्टीत पाहिलं होतं. त्या वर्षी पगार वाढला आणि कुटुंब आणण्यासाठी अर्ज करता येईल इतकी बढती झाली. अर्जावर साहेबांची सही लागायची. तो कागद त्यांच्या टेबलावर होता.

त्याच सुमारास साहेबांच्या आईच्या गुडघ्यांचं दुखणं वाढलं. व्हिएन्नाला एका डॉक्टरांना दाखवायचं ठरलं. साहेबांनी मला माहितीपत्रकं घेऊन घरी बोलावलं. मजलिसमध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या खोलीत, मी गालिच्यावर कागद मांडले. आई कोपऱ्यात तक्क्याला टेकून बसल्या होत्या. चेहऱ्यावर बतूला, तो कडक मुखवटा, त्यातून फक्त डोळे दिसत होते.

दोन हॉटेलं उरली होती. एक नवीन, शहराच्या कडेला, इस्पितळाजवळ. पुढे मोठं आवार, सात मजले, चार लिफ्ट. दुसरं जुन्या गावाच्या अगदी पोटात, पूर्वी कुणा सरदाराचा महाल असलेलं.

साहेब आमच्याशी हिंदीत बोलायचे. "यल्ला, तुम बोलो. माँ के लिए कौन सा अच्छा?"

मी म्हटलं, ते नवीन तर इस्पितळासारखंच दिसतं. राहायचं तर जुन्या गावाच्या मधोमध, तिथे राहिल्याशिवाय ते शहर कळत नाही. हे वाक्य माझं नव्हतं, त्याच माहितीपत्रकातलं होतं.

आईंनी हात पुढे केला. त्या महालाच्या आतल्या चौकाचा फोटो होता. मध्ये दगडी हौद, भिंतीवर चढलेला वेल. त्या बराच वेळ तो जवळ धरून बसल्या आणि अरबीत काही बोलल्या. साहेब हसले. "बोलती है, मेरे बाप के घर में ऐसा हौज था. खलास! तुम अच्छा देखा." आणि मी कागद गोळा करत असताना म्हणाले, "तुम्हारा फॅमिली का कागज, गुरुवार को साइन करेगा, इन्शाल्ला."

मी खोल्या ठेवण्यासाठी टेलेक्स पाठवायला दिला. त्यात नेहमीप्रमाणे लिहिलं होतं, वयस्कर बाई आहेत, गुडघ्यांचं दुखणं आहे, तळमजल्यावरची खोली हवी.

मंगळवारी उत्तर आलं. दोस्ताची पद्धत अशी, की वरची प्रत ज्याची त्याला द्यायची, कार्बन प्रत फायलीला लावायची, आणि ज्याला द्यायची त्याच्यासाठी वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने खूण करायची. तो कागद हलवत माझ्या टेबलाशी आला.

"मास्तर, तुझ्या राजवाड्याला रस्ताच नाही रे!"

हॉटेलने लिहिलं होतं: जुन्या भागात गाड्यांना बंदी केली आहे. मोटार आमच्या दारापर्यंत येत नाही. जिथे थांबते तिथून सुमारे चारशे पावलं दगडी, चढाच्या गल्लीने चालावं लागतं. बाईंना हे जमणार नसेल तर शहराबाहेरच्या आमच्या दुसऱ्या हॉटेलात सोय करतो, किंवा येण्याची वेळ कळवल्यास चाकांची खुर्ची आणि माणूस पाठवतो. कृपया उत्तर द्यावं.

मला पहिल्यांदा खरंच वाटेना. दोहात ज्याच्या दाराला मोटार लागत नाही असं मोठं घर मी पाहिलं नव्हतं. आमच्या कोकणातल्या वाडीला मोटार जात नव्हती, ती गरिबीमुळे. माझ्या आईला डॉक्टरकडे न्यायचं तर खुर्ची बांबूला बांधून चौघे खांद्यावर न्यायचे. श्रीमंतांच्या गावात लोक हौसेने रस्त्यावरच्या मोटारी बंद करतात, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं.

"साहेबांना आजच सांग," दोस्त म्हणाला.

"सांगतो."

सांगितलं नाही. गुरुवारला दोन दिवस होते. साहेबांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली होती. आता जाऊन म्हणायचं, मी निवडलेल्या जागी तुमच्या आई पोचूच शकत नाहीत? ते चिडले आणि सही लांबली तर? मी स्वतःला समजावलं, एवढं मोठं हॉटेल, ते काहीतरी करतीलच. चारशे पावलं ती काय. निदान खुर्चीचं उत्तर तरी मी परस्पर पाठवू शकत होतो. पण ते उत्तर दोस्ताच्या हातून गेलं असतं, आणि त्याला कळलं असतं की मी साहेबांना विचारलेलं नाही. म्हणून तेही नाही. शनिवारी त्याने विचारलं, "सांगितलंस ना?" मी म्हटलं, "हो. फोनवर ठरवतो म्हणाले."

गुरुवारी सही झाली होती.

काही आठवड्यांनी साहेब आईंना घेऊन निघाले. त्याच आठवड्यात माझी बायको आणि मुलगी आल्या. फरीज बिन ओमरान या वस्तीत मी दोन खोल्या घेतल्या होत्या. मुलगी चार वर्षांची, पहिले दोन दिवस मला बघून आईच्या पदरामागे लपायची. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या हातून भात खाल्ला. मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो, आणि त्याच सकाळी व्हिएन्नाहून फोन आला.

पाऊस होता. मोटार गल्लीच्या तोंडाशी थांबली. साहेबांनी दंडाला धरून आईंना चालवलं. ओल्या दगडावर त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्या हॉटेलात पोचल्याच नाहीत, तिथूनच इस्पितळात नेलं.

साहेब परत यायला दीड महिना लागला. तेवढ्यात ऑफिसात कळलं की हॉटेलच्या मॅनेजरने त्यांना टेलेक्सची प्रत दाखवली आहे. टेलेक्समध्ये निरोप पोचला की समोरच्या मशीनची खूण आपोआप कागदावर उमटते. त्या प्रतीवर आमच्या मशीनची खूण होती. म्हणजे निरोप दोहात पोचला होता, यात वाद नव्हता.

साहेब यायच्या आदल्या दिवशी, दुपारी सगळे जेवायला घरी गेले असताना, मी टेलेक्सच्या खोलीत गेलो आणि फायलीतून कार्बन प्रत काढून घेतली. घरी नेऊन स्टोव्हवर जाळली. बायकोने विचारलं, कसला वास? मी म्हटलं, दूध उतू गेलं. हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही.

साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. ते ओरडले नाहीत. त्यांचे डोळे सुजले होते. त्यांनी हॉटेलची प्रत टेबलावर ठेवली आणि मला विचारलं, "ये कागज तुम को मिला?"

मी म्हटलं, "नहीं साहब. मुझे नहीं मिला."

दोस्ताने माझ्याकडे बघितलं. एकदाच. सकाळी त्याने फाइल चाळली होती, त्यामुळे प्रत गेलेली त्याला माहीत होती. कोणी काढली हेही त्या क्षणी कळलं असणार. साहेबांनी त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मुझसे रह गया होगा, साहब. उस दिन बहुत टेलेक्स थे."

पाच दिवसांत त्याचा व्हिसा रद्द झाला.

जायच्या आदल्या संध्याकाळी तो आमच्या घरी आला. मी बोलावलं नव्हतं. माझ्या मुलीसाठी टेलेक्सच्या भोकं पाडलेल्या पिवळ्या कागदी पट्टीची गुंडाळी आणली होती. तिने ती वेणीला बांधली आणि खोलीभर नाचली. बायको म्हणाली, "भावजी, अहो एवढ्यात कसे निघालात? आत्ता तर ओळख झाली." तो म्हणाला, "वहिनी, माझी बायको तिकडे मासळीबाजारात एकटी भांडते, तिच्या बाजूने कोणीतरी पाहिजे ना." बायको हसली. मी हसलो नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

जिन्यात मी काहीतरी बोलायला लागलो. त्याने हाताने थांबवलं.

"वहिनींना सांगू नकोस. नव्या आल्यात, घाबरतील." दोन पायऱ्या उतरून तो वळला. "मास्तर, साहेब यायच्या आदल्या दिवशी मला म्हणाला असतास, की असं असं झालंय, माझी माणसं आत्ता आलीत, तू घे अंगावर, तर घेतलं असतं रे मी. तू विचारलंच नाहीस."

त्या नाताळात त्याचं कार्ड आलं. मी उत्तर लिहिलं नाही. पुढे कार्ड यायचं थांबलं.

साहेबांच्या आई त्यानंतर चालल्या नाहीत. काही महिन्यांनी साहेबांनी मला विचारलं, वो हौज का फोटो है? माँ माँगती है. मी माहितीपत्रकातला टेलेक्स काढून घेतला आणि माहितीपत्रक दिलं. त्या गेल्या तेव्हा ते त्यांच्या उशाशी होतं, असं ड्रायव्हर म्हणाला. तीन वर्षं त्या अंथरुणावर होत्या. त्या गेल्यावर मी आणखी सात वर्षं त्या नोकरीत राहिलो. मुलगी तिथल्याच शाळेत शिकली. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर द्यायची, मी कौतुकाने ऐकायचो. आमच्या घरातलं सगळं त्या गुरुवारच्या सहीवर उभं आहे.

ऐंशीचं दशक संपता संपता आम्ही कायमचे परतलो. त्यानंतर एकदा मी वसईला गेलो. टेलेक्स खिशात होता. दार त्याच्या बायकोने उघडलं. तो दोन वर्षांपूर्वीच गेला होता. परत आल्यावर गावातल्या शाळेत कारकून होता. मी दोहाचा, म्हटल्यावर तिने ओळखलं. "मास्तर ना तुम्ही? तुमच्या राजवाड्यांचं फार सांगायचे ते."

तिने चहा केला, पुढे सुकेळी ठेवली, केळी वाळवून करतात ती. मग म्हणाली, "त्यांच्या मनाला एक गोष्ट फार लागली होती. म्हणायचे, माझ्या हातून एक कागद हरवला आणि एक म्हातारी बाई पांगळी झाली. दर रविवारी तिच्या नावाची मेणबत्ती लावायचे." आत मुलगा अभ्यास करत होता. त्याच्याकडे मान करून ती हळू म्हणाली, "ह्याला मी सांगत असते, कागद सांभाळ बाबा. वडिलांसारखा निष्काळजी होऊ नकोस."

म्हणजे माझं खोटं तो घरीही घेऊन गेला होता. बायकोलाही त्याने खरं सांगितलं नाही. माझा हात खिशाकडे गेला, हे मला आठवतं. मग तिने सुकेळीची एक पुडी बांधून माझ्या हातात दिली, वहिनींना द्या म्हणाली, आणि मी ती घेऊन स्टेशनवर आलो.

माझी बायको काही न कळता गेली. मुलीला मी हे आधी वाचायला देणार आहे. मग वसईच्या त्याच पत्त्यावर पाठवणार आहे. तो मुलगा आता पन्नाशीकडे आला असेल. त्याची आई असेल तर त्याने तिला वाचून दाखवावं.

टेलेक्स या पानांना जोडला आहे. कागद पिवळा पडला आहे, पण अक्षरं वाचता येतात. वरच्या उजव्या कोपऱ्यात, मुला, पेन्सिलने तुझ्या वडिलांच्या हातचं लिहिलेलं आहे: "मास्तर. साहेबांना आजच दाखव."