इथे काच आहे

वॅल्डा क्रॅडॉक दमलेली बाई होती, आणि ते ती कुणापासून लपवत नसे. "कशी आहेस?" म्हटलं की आमच्या किनाऱ्यावरची माणसं "मस्त" म्हणून पुढे सटकतात. वॅल्डा म्हणायची, "पाय गेले." विचारणाराच खजील व्हायचा. पुढे पुढे लोकांनी विचारणंच सोडलं, आणि बाईला तेच हवं होतं, असं ग्वेन्डाचं मत. ही ग्वेन्डा जीवरक्षक क्लबच्या दाराशी दर रविवारी पावात सॉसेज आणि कांदा घालून विकते. तिच्या तव्यावर कांद्यापेक्षा बातम्याच जास्त परतल्या जातात.

वॅल्डाचं काम सिकाडाच्या पंखांचं. उन्हाळ्यात झाडाला चिकटून अख्ख्या गल्लीचं डोकं उठवणारा हा किडा. त्याच्या पंखावर इतक्या बारीक खुंट्या असतात की केसाच्या जाडीत तीनशे सहज मावाव्यात. त्यांच्यामुळे पंखावर पडलेला उजेड उसळून परत येत नाही, आणि पाण्याच्या थेंबाला पाय टेकायला जागा मिळत नाही. तो गोळी होऊन घरंगळतो. शहरातल्या एका प्रयोगशाळेत वॅल्डा या पंखांचा ठसा धातूवर उतरवायची, त्या साच्याखाली पातळ प्लास्टिक पसरायची आणि जांभळ्या दिव्याखाली ते कडक करायची. अंगभर पांढरा पोशाख, तोंडावर फडकं, आणि दिवसभर उभं राहणं. खोलीत स्टूलाला जागा नाही, असं तिला वर्षानुवर्षं सांगण्यात येई.

आणि एवढं करून निघायचं काय, तर पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा! त्याचा सूक्ष्मदर्शकाखाली फोटो निघायचा आणि तुकडा जायचा खणात. बाईची सगळी नोकरी अशी खणात पडून होती.

"मर्व्ह," ती नवऱ्याला म्हणायची, "मी केलेली एक तरी वस्तू उन्हापावसात उभी राहिलेली बघायचीय मला. मग मी बसणार."

मर्व्ह आधीपासूनच बसलेला होता. गुडघे गेल्यावर त्याने बुडणाऱ्यांसाठी लाटांत उड्या मारणं सोडलं आणि क्लबच्या टेहळणी मनोऱ्यावरची खुर्ची धरली. खुर्चीपुढे टेबल, टेबलावर रेडिओ, दुर्बीण, थर्मास. "मर्व्ह मेला तर खुर्चीसकटच पुरावा लागेल," ग्वेन्डा म्हणायची. पण त्या मनोऱ्याची खिडकी वैतागवाडी होती. सकाळी काचेत आपलंच थोबाड दिसायचं, दुपारी तुषारांनी ती आंधळी व्हायची, आणि पोहणारं डोकं कोणतं, लाटेची सावली कोणती, ते कळायचं नाही.

प्रयोगशाळेची प्रमुख थुई लाम वयाने लहान, पण समजूतदार पोरगी. ती म्हणाली, "वॅल्डा, हे तुझं प्लास्टिक नवऱ्याच्याच खिडकीला लावून बघू. एक उन्हाळा टिकलं तर दुसऱ्या क्लबांना देता येईल. नाही टिकलं तर मग पुन्हा आपली तिकिटंच."

वॅल्डाने अख्खा हिवाळा साच्याला साचा जोडत काढला. काचेच्या बाहेरून एक थर, आतून एक. ऑक्टोबरात, आमच्याकडे उन्हाळा लागता लागता, बसवलं तेव्हा खिडकी जणू गायबच झाली. क्लबचा अध्यक्ष नोएल दुर्बीण घेऊन ऐटीत बाहेर डोकवायला गेला आणि त्याचं कपाळ ठण्णकन आपटलं.

"अरे, उघडी नव्हती होय ही?"

"नोएल, तुझ्या डोक्यालाही आतून थर लावून घे," मर्व्ह म्हणाला.

वॅल्डाने जाताना एकच गोष्ट बजावली. "हात लावायचा नाही. अंगाचं तेल त्या खुंट्यांत शिरलं की निघत नाही. पुसलंत तर आणखी पसरेल."

त्यानंतर उन्हाळाभर ती मनोऱ्याकडे फिरकली नाही. जिना उभा, आणि पाय तर गेलेलेच. रोज संध्याकाळी तेवढं विचारायची, "माझी काच कशी आहे?" मर्व्ह गुडघा चोळत म्हणायचा, "आहे की. चहा टाकू?"

एप्रिलच्या शेवटी, हंगाम संपताना थुई तपासायला यायची होती. बारीक पाऊस लागला होता. वॅल्डा कठड्याला धरून, दर वळणावर श्वास घेत, तिच्या आधीच वर पोचली. आणि दारातच उभी राहिली.

काचेवर नाकं होती. पांढरी, गुलाबी, एक हिरवं. आमच्याकडे उन्हासाठी नाकावर रंगीत मलम थापतात. त्या सगळ्या नाकांनी काचेवर हजेरी लावली होती. भोवती बोटांचे तेलकट ठसे, अगदी डोक्याच्या उंचीपासून कमरेपर्यंत. आणि मधोमध दोरीला लटकलेली, निळ्या रंगात सुबक अक्षरं काढलेली पाटी : इथे काच आहे.

"ही पाटी कुणाची?"

मर्व्ह थर्मासचं झाकण फिरवत राहिला. "नोएलचं कपाळ फुटलं म्हणून... कुणी जोरात धडकून तुझी काच फोडू नये, एवढंच मनात होतं गं."

"मग?"

"मग जो येईल तो पाटी वाचतो आणि खरंच आहे का म्हणून बोट लावतो. कुणी नाक. ग्वेन्डाने तर कोपर लावलं."

"आणि पाटी काढली का नाहीस?"

"काढली होती. तर लोक विचारायला लागले, काच गेली का? आणि पुन्हा बोट."

वॅल्डा ओरडली नाही. ओरडायलाही जोर लागतो. "ऊठ," ती म्हणाली. मर्व्ह उठला, आणि ती धपकन त्याच्या खुर्चीत बसली.

बसल्यावर तिला दिसलं. टेबल काचेला भिडवलेलं होतं, आणि त्यावरून कुणाचाही हात किंवा नाक पोचलं नव्हतं. तेवढ्या पट्ट्यात काच नव्हतीच. समोर राखाडी समुद्र, क्षितिजावर कोळसा भरून घ्यायला ताटकळलेली जहाजं, आणि बाहेरून पावसाचे थेंब पडताक्षणी गोळ्या होऊन घरंगळत होते. एकही टिकत नव्हता. उन्हापावसात उभी होती ती वस्तू. सगळी नाही, टेबलाएवढी.

थुई धापा टाकत आली, नाकांकडे बघून तिचा चेहरा उतरला. "गेलं, वॅल्डा?"

"खाली वाक. इथून बघ."

थुई वाकली. एका घरंगळत्या थेंबामागून तिचं बोट काचेला न लागता हवेतच खाली गेलं.

"बाहेरचा थर राहू दे," वॅल्डा म्हणाली. "आतला मी नवा करते. पण आधी नोएलला सांग, खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टेबल ठोक. पाटी नको."

"आणखी एक हिवाळा? जमेल तुला?"

"उभ्याने नाही जमणार. स्टूल दे. खोलीत मावत नसेल तर भिंत सरकव."

थुईला हसू आलं. "देते. सोमवारीच देते."

दाराला टेकून गुडघे चोळणारा मर्व्ह मध्येच म्हणाला, "अगं, आणि माझी खुर्ची?"

"आज माझी आहे," वॅल्डा म्हणाली आणि तिने थर्मासचं झाकण त्याच्यापुढे धरलं. "चहा ओत. आणि काचेला टेकू नकोस."