वाकडी नळी

चूक माझी होती. हे चार माणसांत म्हणायला मला बारा वर्षे लागली, आणि ज्याला आधी सांगायला हवे होते तो आता नाही. मेहकरला बदली झाल्यापासून खामगावची पत्रे मला क्वचितच येत. महिन्यापूर्वी शाळेतल्या शिपायाने एक पोस्टकार्ड माझ्या टेबलावर पालथे ठेवले. त्याचा कोपरा फाडलेला होता, म्हणजे कुणीतरी गेल्याची खबर. कोण, हे वाचण्याआधीच मी खुर्चीत बसलो, कारण दिवाळीत त्याला पाहिले तेव्हा खाटेवर उठून बसतानाही त्याला दम लागत होता. तुळशीराम गेला... जिनिंगच्या कापसाने त्याची छाती भरली, असे लोक म्हणतात. ते खरेच आहे. पण तो त्या कापसात का राहिला, हे लोकांना माहीत नाही. मला माहीत आहे.

आम्ही दोघेही धामणगाव बढ्याचे, सातवीपर्यंत एका बाकावरचे. मी पुढे शिकून खामगावच्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवायला लागलो. तो वडील वारल्यावर तिथल्याच एका जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर म्हणून लागला. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली होती तेव्हाची ही गोष्ट. मुंबईहून येताना मी त्याच्यासाठी दोन लाल मासे आणले होते. जलंबला गाडी बदलताना अर्धा डबा पाणी माझ्या धोतरावर सांडले होते. ते मासे पाहून तुळशीरामला वेड लागले. जिनातल्या भंगारातून त्याने लोखंडी पट्ट्या आणल्या, तसबिरी मढवणाऱ्याकडून काचा कापून घेतल्या, खडूची पूड जवसाच्या तेलात मळून सांधे भरले. अशी टाकी खामगावात आणखी कुणाकडे असेल असे मला वाटत नाही. मासे पाहायला गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्यासारख्या यायच्या.

अडचण पाण्याची होती. जुने पाणी रोज तांब्याने उपसायचे, नवे ओतायचे, तेवढ्यात मासे घाबरून काचेवर आपटायचे. एका सोमवारी तो महादेवाच्या देवळातून आला तो बोलतच. पिंडीवर गळती टांगलेली असते, त्यातून दिवसभर थेंब थेंब पाणी पडते, तरी गाभारा भरत नाही, कारण जितके पडते तितके शाळुंकेवरून निघून जाते. आपल्या माशांनाही तसेच हवे, असे त्याचे म्हणणे. गळतीचे काम सोपे होते, माठाच्या बुडाला भोक पाडून त्यात कापडाची वात घातली की झाले. पण टाकीच्या पातळ काचेला भोक कसे पाडणार? मी त्याला पुस्तकातली वक्रनलिका समजावून सांगितली, प्रयोगशाळेतली एक लांब काचनळी स्पिरिटच्या दिव्यावर वाकवून दिली. नळीने पाणी काठावरून बाहेर आणले खरे, पण ते थांबेचना. टाकी निम्मी झाली, नळीत हवा शिरली आणि सगळे बंद पडले. मी म्हणालो, वक्रनलिकेचा हा गुणच आहे. तो हसला. "मास्तर, नळीचं दुसरं टोकही पाण्यातच बुडवून ठेवलं तर हवा शिरन कुठून बे? तुह्या पुस्तकात हे लिहेल नाई काय?"

ते पुस्तकात नव्हते. त्याने जाड काचेची, रुंद तोंडाची एक बाटली टाकीच्या बाहेर, तोंड टाकीच्या काठाच्या वर राहील अशी टांगली, नळीचे बाहेरचे टोक तिच्यात बुडवले आणि बाटलीच्या कुशीला कानशीच्या टोकाने घासून घासून भोक पाडून त्याला रबरी नळी जोडली. बाटलीचे भोक ज्या उंचीवर, त्याच उंचीवर टाकीतले पाणी येऊन उभे राही. वरून थेंब पडला की खाली बादलीत थेंब पडे. वरचे थांबले की खालचेही थांबे, पण काचनळी भरलेलीच राही, पुन्हा तोंडाने ओढावी लागत नसे. मी शास्त्राचा शिक्षक, आणि मी पाऊण तास उकिडवा बसून ते नुसते पाहत राहिलो होतो. आमच्या हेडमास्तरांना सांगितले तेव्हा तेही चकित झाले. प्रयोगशाळेत मदतनीसाची जागा रिकामी होती. असा हात असलेला माणूस त्यांना हवाच होता. सातवीवर घेता येईल, रविवारी दुपारी येऊन काम पाहतो, असे ते म्हणाले. त्याच्या बायकोने, गोदावरीवहिनींनी, त्या दिवशी मला दोनदा चहा पाजला. तुळशीरामला तेव्हाच खोकला लागलेला होता, आणि कापसाच्या धुळीतून तो सुटेल, एवढेच त्यांना दिसत होते.

त्याच आठवड्यात जानेफळला वहिनींच्या भावाचे लग्न निघाले. शुक्रवारी दोघे गेले, रविवारी सकाळी परतणार होते. किल्ली माझ्याकडे. माठ भरायचा, माशांना चिमूटभर कणीक टाकायची, एवढेच काम. शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन त्यांच्या खोलीत बसलो. आणि ते बादलीतले टपटप... एक बेरीज तीनदा चुकली तेव्हा मी रागाने उठलो, रबरी नळी दुमडली आणि गठ्ठ्याचा दोरा तिला करकचून बांधला. आता शांत झाले. पेपर तपासून झाले, जाताना माठ मात्र आठवणीने काठोकाठ भरला, खोलीला कुलूप लावून घरी गेलो. दोरा सोडायचा राहिला.

रविवारी सकाळी दार उघडले तर पाय ओल्या फरशीवर पडला. पाण्याला जायला वाट नव्हती, ते रात्रभर चढत टाकीच्या काठावरून वाहिले होते. एक मासा टेबलाच्या कडेला होता, दुसरा खाली, मुंग्या लागलेला. मी आधी काय केले ते इथे लिहितो, कारण तेच माझे खरे पाप आहे. मी दोरा सोडला आणि खिशात घातला. बादलीत पुन्हा टपटप सुरू झाले. तासाभराने ती दोघे लग्नाचे लाडू घेऊन दारात उभी राहिली, आणि मी म्हणालो, आलो तेव्हा असेच होते.

तुळशीराम लाडू खाली ठेवून सरळ टाकीकडे गेला. त्याने नळी काढली, फुंकली, बाटली रिकामी करून पुन्हा भरली, वात पिळून पाहिली. दोन तास तो शोधत होता. सगळे बरोबर चालत होते, आणि तेच त्याला सहन होईना. एखादा दोष दिसला असता तर त्याने तो दुरुस्त केला असता. दुपारी हेडमास्तर आले तेव्हा टाकी रिकामी होती. तो त्यांना म्हणाला, "साहेब, माह्या हातचं काम भरवशाचं नाई. पोरायच्या प्रयोगात असं झालं तर?" त्यांनी समजावले, वहिनींनी दाराआडून विनवले. मी तिथेच भिंतीला टेकून उभा होतो. शास्त्राच्या मास्तरने पाणी जायची नळी बांधून ठेवली, हे ऐकून गाव हसेल, एवढीच भीती मला होती. तेवढ्या भीतीसाठी मी गप्प राहिलो. सोमवारी तो जिनात गेला.

नंतर कितीदा ठरवले. या दिवाळीतही सांगायचेच म्हणून गेलो होतो. तो खाटेवर धापा टाकत बसला होता, मला पाहून डोळे मिचकावून म्हणाला, "काऊन बे मास्तर, अजून तोंडानं पाणी ओढून दाखवतं काय पोट्ट्यायले?" मी हसलो, तो हसता हसता खोकत राहिला, वहिनींनी त्याची पाठ चोळली, आणि माझे शब्द पुन्हा राहिले.

तेराव्याला गेलो. लोक पांगल्यावर वहिनींनी त्याची हत्यारांची पेटी पुढे ठेवली, भाऊजी, यातलं काय ठेवू, काय देऊ, ते तुम्हीच सांगा म्हणाल्या. पान्यांच्या खाली धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली काचनळी होती, स्वच्छ पुसलेली, आणि सोबत ती बाटली. वहिनी म्हणाल्या, "वर्षातून एकदा तरी काढत. उजेडाकडं धरून पाहत. काय चुकलं ते अजून सापडत नाई, म्हणत."

मग मला ते सांगावेच लागले. नळी, गठ्ठा, दोरा, खिसा, सगळे. त्या ऐकत होत्या, हातातला पाना तसाच होता. तो पेटीत ठेवून म्हणाल्या, "मले काऊन सांगता, भाऊजी? त्यायले सांगाचं होतं." त्या उठून आत गेल्या. मला वाटले, आता जावे. पण त्या पाण्याने भरलेली बादली घेऊन आल्या, ती पाटावर ठेवली आणि बाजूला बसल्या.

मी बाटली बादलीच्या काठाला टांगली, खाली तांब्या ठेवला. काचनळीत तोंडाने पाणी ओढले, बादलीच्या लोखंडाची चव आली. टोक बाटलीच्या तळाशी सोडले. पाणी उतरत उतरत बाटलीच्या भोकाशी आले आणि थांबले. नळी भरलेलीच होती, कुठेही बुडबुडा नव्हता. वहिनींनी ओंजळभर पाणी बादलीत सोडले, आणि तांब्यात टपटप सुरू झाले.

मी हात जोडले आणि त्या नळीकडे पाहत म्हणालो, "तुळशीराम, तुहं काही चुकलं नव्हतं. दोरा मी बांधला होता. मले माफ कर."