मामाचा डावा बूट

आमचा दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, एका सरकारी कचेरीत शिपाई आहे. नवखी माणसं मात्र त्याला साहेब समजून उठून उभी राहतात. कारण त्याचे बूट. काळे, अस्सल चामड्याचे, लेसवाले, आणि इतके चकचकीत, की वहिनी विचारते, "घरात आरसा आणत नाही ते यासाठीच का?"

दादा बूट घ्यायला संध्याकाळीच जातो. दिवसभरात पाय सुजतात, आणि सुजलेल्या पायाला जो सोसतो तोच बूट खरा, असं त्याचं म्हणणं. दुकानात तो बूट बसून बघतो, उभं राहून बघतो, मग जिन्यावरून वरखाली करतो. तो दारात दिसला की दुकानदार आधी स्वतःसाठी चहा मागवतो. पण एकदा घेतलेला जोड दादा सोडत नाही. टाच झिजली की नवी टाच, तळ गेला की नवा तळ, शिवण उसवली की टाके. कोपऱ्यावरचा कारागीर म्हणतो, "यात मूळचं आता फक्त पाय घालायचं भोक उरलंय. बाकी सगळं माझं."

म्हणून माझ्या मुलाच्या मुलाखतीसाठी घेतलेले नवे बूट मी सरळ दादाच्या हवाली केले. मागच्या मुलाखतीत नव्या बुटानं पोराची टाच अशी सोलली होती, की बिचारा प्रत्येक उत्तर तोंड वेडंवाकडं करून देत होता. "आमचे प्रश्न तुम्हाला आवडलेले दिसत नाहीत," म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावलं. या खेपेला तसं होऊन चालणार नव्हतं. मामा-भाच्यांचं माप एकच. दादा दिवसभर फायली घेऊन मजले चढतो, तर बूट आपोआप रुळतील, असा माझा हिशोब.

मी रोज फोन करायची. "रुळले का रे?"

"चाललंय. तू उगाच काळजी करू नकोस."

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी दादा पिशवी घेऊन आला. मुलानं उजवा बूट घातला आणि खुलला. डावा घातला आणि ओरडला.

"मामा, हा तर लाकडाचा आहे!"

"तो कोराच आहे अजून," दादा शांतपणे म्हणाला. "मी एका वेळी एकच रुळवतो. उजव्या पायात तुझा नवा, डाव्यात माझा जुना. टाचेची उंचीसुद्धा सारखी करून घेतली. दोन्ही नवे घालून जिने चढायचे म्हणजे काय दोन्ही पाय पणाला लावू?"

"अरे, पण मुलाखत उद्या आहे!" मी म्हटलं.

"मला वाटलं पुढच्या महिन्यात."

"मी रोज तारीख सांगत होते!"

"तू रोज इतकं काय काय सांगतेस. त्यातली तारीख कुठली, ते कसं कळणार?"

मी कपाळाला हात लावला. नवऱ्यानं चपलांवर जायचं सुचवलं, पण त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही. दादानं पायातला आपला जुना डावा बूट काढला, पॉलिशची डबी मागवली आणि घाम फुटेपर्यंत घासत बसला. शेवटी तो नव्या उजव्याशेजारी ठेवला. "लोक चकाकी बघतात," तो म्हणाला, "जोड कोण बघतो?"

सकाळी मुलगा त्याच दोन बुटांत आत गेला. दादा उरलेले दोन घालून माझ्याशेजारी बाकावर. माझा जीव टांगणीला लागलेला, आणि हा कण्हतोय.

"काय झालं?"

"डावा चावतोय गं."

"आता कळलं?"

मुलगा बाहेर आला तो हसतच. "आई, पाय आहेत हेच विसरलो होतो!"

नोकरी लागली. दादा आपला डावा मागायला आला, तर भाचा म्हणतो, "नाही देणार. माझा पाय बसलाय त्यात." तोवर दादाचाही पाय नव्यात बसला होता. राहिलं तसंच.

परवा दोघांनी टाचा बदलायला बूट एकदमच टाकले. कारागिरानं आपण होऊन चारही बुटांच्या नीट जोड्या लावून परत दिल्या. दुसऱ्या दिवशी मामा-भाचे लंगडत लंगडत त्याच्यासमोर हजर.

"आमच्या जोड्या कुणी मोडल्या?" दादानं विचारलं.