वैनीला माझ्या अभ्यासात जागा नव्हती

गंगाखेडच्या स्टेशनावर हैदराबादची गाडी शिरली तेव्हा वैनी दादाशी भांडत होती. माझं रिझर्व्हेशन त्यानं वरच्या बर्थचं केलं होतं. "पोर वर वाकून बसंल का? खालचं कामून न्हाई घेतलंस?" ती म्हणाली. पोर म्हणजे मी, कॅन्सरची डॉक्टर, तिशी ओलांडलेली. आई सारखं सामान मोजत होती आणि आबा एकच वाक्य घोळवत होते, "पोचली की फोन कर." गाडी हलली तशी वैनी खिडकीच्या गजाला धरून चार पावलं चालली.  

माझा दादा थोरला, आणि वैनी त्याची बायको, संगीता. मी चौथीत असताना ती लग्न होऊन सोनपेठला आमच्या घरी आली. आबा हायस्कुलात क्लार्क, आई आणि दादा शेतात. त्यामुळे माझी वेणी, माझा डबा, माझे पाढे हे सगळं आपोआप तिच्याकडं गेलं. ती बायकांचे ब्लाऊज शिवायची. मशीन चालवता चालवता मला प्रश्न विचारायची आणि उत्तर बरोबर की चूक ते तिला माहीत नसायचं, पण मी अडखळले की ओळखायची. "पुन्हा सांग," म्हणायची.

तिच्या छातीत गाठ निघाली तेव्हा माझी एमडीची शेवटची परीक्षा तोंडावर होती. "जोतीचं ध्यान हालंल, कुणी सांगायचं न्हाई," असं म्हणून तिनं घरातल्या सगळ्यांची तोंडं बंद केली. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. दर वेळी पहाटे सोनपेठहून एसटी, मग दुसरी एसटी, शहरात पोचल्यावर रक्ततपासणी. पांढऱ्या पेशी कमी भरल्या की त्या दिवशी केमो देता येत नाही, पेशी वाढेपर्यंत थांबावं लागतं. हे बरोबरच आहे, मीही तेच करते. पण ती उलट्या होणारं अंग घेऊन गेली आणि तशीच परत आली, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. दादाचा कापूस वेचणीला आलेला. शेवटी तिनं सांगून टाकलं, "आता बरं हाय मला," आणि गेलीच नाही.

परीक्षा संपवून मी घरी आले तेव्हा मला हे सगळं कळलं. तिचे केस पुन्हा उगवायला लागले होते. मी तिला धरून तिच्या डॉक्टरांकडं नेलं. तपासण्यांत काही दिसलं नाही. मधे फार काळ गेला होता. आता उरलेली केमो न देता लक्ष ठेवू, असं ते म्हणाले. येताना बसमध्ये ती खिडकीशी गाढ झोपली आणि मी विचार करत राहिले: रक्त तालुक्याच्या गावीच तपासलं असतं, कुणी फोन करून 'निघू नका' म्हटलं असतं, तर ही बाई उपचार सोडून बसली असती का?

तोच प्रश्न मी ग्रँटच्या अर्जात लिहिला. नव्यानं कॅन्सरच्या संशोधनात येणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी ती ग्रँट होती. ती मिळाली की हैदराबादच्या हॉस्पिटलात नेमणूक, आठवड्यातले काही दिवस ओपीडीतून मोकळीक, एक जाणता गुरू, आणि स्वतःचा अभ्यास उभा करायला तीन वर्षं. मुलाखतीत एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, हाच प्रश्न का? मी म्हणाले, माझ्या भागातली एक पेशंट आहे. नाव सांगितलं नाही. ग्रँट मिळाल्याचं घरी कळवलं तेव्हा फोन वैनीनं उचलला. "ती गिरांट म्हंजे नोकरी का शिक्षण?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "दोन्ही." "मग लय दिवस जायलीस तू," ती म्हणाली.

हैदराबादला मी हळूहळू रुळले. 'नोप्पी एक्कडा', म्हणजे दुखतं कुठं, हे माझं पहिलं तेलुगू वाक्य. बायका मला अम्मा म्हणायच्या. कँटीनमधल्या इडलीची सवय झाली, एथिक्स कमिटीच्या शंकांचीही. अभ्यासाला परवानगी मिळाली, तेलंगणाच्या सीमेपलीकडच्या आणि अलीकडच्या तालुक्यांतल्या लॅब रक्ततपासणीसाठी ठरल्या. गावाकडं बोलताना माझ्या तोंडून 'हो'च्या जागी चुकून 'अवुनू' निघालं की आई पलीकडं हसायची.

मग वैनीची पाठ दुखायला लागली. दादा म्हणाला, मशीनवर वाकून वाकून असेल. मी म्हटलं, तिला घेऊन ये, उद्याच. स्कॅन माझ्या हॉस्पिटलमध्ये झाला. स्क्रीनवर मणके दिसले आणि मी बाहेर जिन्यात जाऊन बसले. अशी चित्रं मी रोज बघते. कॅन्सर मणक्यांत पसरला होता, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पाठीला रेडिएशनचा शेक देण्याचे उपचार चालू होते तेवढे दिवस ती माझ्या फ्लॅटवर राहिली. दादा सोयाबीनसाठी परत गेला. आम्ही दोघी. माझा अभ्यास तिच्या त्या वाया गेलेल्या फेऱ्यांवरून सुचला, हे मी तिला तेव्हाच सांगितलं. ती गॅलरीत बसून खालच्या भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस करायची, तो तेलुगूत उत्तर द्यायचा, आणि कोथिंबीर तरीही जास्त मिळायची. एका दुपारी मी जेवायला घरी आले तेव्हा ताट वाढता वाढता ती म्हणाली, "जोती, तुझ्या त्या अभ्यासात मला घे की."

मी म्हटलं, "वैनी, नाही घेता येत."

"कामून? घरची हाय म्हणून?"

"ते तर आहेच. पण बाहेरची असतीस तरी नसतं घेता आलं. ज्यांचा आजार पहिल्यांदा निघालाय, अजून पसरलेला नाही, त्यांच्यासाठीच आहे तो."

ती क्षणभर हसली. "म्हंजे माझ्यावरनं काढलेलं गणित अन् मलाच बसंना व्हय?"

मग हसणं थांबलं. ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली आणि पदर तोंडात धरून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले आणि तो कुठं ठेवू तेच कळेना, कुठं दुखतं ते मला नेमकं माहीत होतं. मी पुढची औषधं, पुढचे पर्याय सांगू लागले. "डॉक्टरवानी नगं बोलू," ती म्हणाली. "जेव. भात गार व्हायलाय."

दुखणं थोडं कमी झाल्यावर तिनं घरी जायचं म्हटलं. औषधांनी काही महिने दिले. शेवटच्या दिवसांत मी रजा टाकून सोनपेठला गेले. परभणीच्या वसतिगृहातून तिचा मुलगा ओंकार आला होता. तो दारातच बसून राहायचा, आत येत नव्हता. गल्लीतल्या बायका येऊन तिच्या उशाशी बसायच्या, न शिवलेली कापडं परत मागायला एकीचीही जीभ उचलत नव्हती. मॉर्फिनची गोळी मी मोजून देत होते. एका सकाळी दहाच्या सुमाराला, आई तिचे पाय चेपत असताना, ती गेली. आबा म्हणाले, "माझ्या आधी कशी गेली?" ते मला विचारत होते. घरात डॉक्टर मीच होते.

तेराव्यानंतर मी हैदराबादला परत आले, कारण अभ्यास सुरू झाला होता. गावी असलेल्यांना वाटतं, गाव सोडून गेलेल्यांना परत कामावर जाणं सोपं असतं, तिकडं काम असतं, दुःख विसरतं. माझ्यासारखे गाव सोडलेले जे हे वाचत असतील त्यांना माहीत आहे, तिकडं दुःख मराठीत ऐकून घेणारं कुणी नसतं.

मागच्या पावसाळ्यात जिंतूर तालुक्यातली एक बाई अभ्यासात आली. दुसऱ्या केमोच्या आदल्या दिवशी तिच्या गावाजवळच्या लॅबमधून रिपोर्ट आला, पेशी कमी होत्या. मी स्वतः फोन लावला. म्हटलं, मावशी, उद्या निघू नका, घरीच आराम करा, आठ दिवसांनी पुन्हा रक्त बघू.

"बरं झालं सांगितलं माय," ती म्हणाली. "पिशवी भरूनच ठिवली होती." मग माझी बोली ऐकून तिनं विचारलं, "तुमी कुठल्या?"

"सोनपेठची."

"अगं, आपल्याच की! घरी कोण कोण हाय?"

"आई हाय," मी म्हटलं. "आबा हायत. दादा हाय. वैनी हाय."

"वैनी चांगली हाय का?"

"लय चांगली हाय," मी म्हटलं, आणि दुरुस्त केलं नाही. ती आणखी काहीबाही विचारत राहिली, तिच्या म्हशीचं, पावसाचं सांगत राहिली. मी फोन कानाला लावून ऐकत उभी राहिले. सोनपेठच्या घरात आता वैनीचं मशीन झाकलेलं असतं आणि कुणी तिचं नाव काढत नाही, आई लगेच रडते म्हणून. जिंतूरच्या त्या अनोळखी बाईच्या बोलण्यात मात्र वैनी अजून नांदत होती. तेवढा वेळ मी घरी होते.