सोबतीला आलेली बाई

मोंजिया लझारची दुसरी बायको होऊन घरात आली तेव्हा त्याची मुलगी सीरीन टेबलाखाली बसून जेवायची. पाच वर्षांची पोर. तिची आई रौदा घटस्फोट घेऊन फ्रान्सला, मार्सेयला निघून गेली होती. बस्तान बसलं की मुलीला नेते, असं सांगून गेली, पण बस्तान काही बसत नव्हतं. लझार मासेमारीच्या मोठ्या बोटीवर इंजिन सांभाळायचा. स्फाक्सच्या बंदरातून बोट सुटली की पंधरवडा पंधरवडा त्याचं तोंड दिसत नसे. तेव्हा टेबलाखालची पोर मोंजियाच्याच वाट्याला आली.

मोंजियानं तिला ओढून बाहेर काढलं नाही. आपलं ताट घेऊन तीही खाली शिरली. काही दिवसांनी गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा म्हणाली, "बाई गं, मी आपली वर बसते आता. तुला वाटेल तेव्हा ये." पोर त्याच आठवड्यात वर आली.

मला आई म्हण, असं मोंजियानं तिला कधी सांगितलं नाही. सीरीन तिला मावशी म्हणायची आणि दोघींना ते चालत होतं.

घराच्या पुढच्या खोलीत मोंजियाचं पार्लर होतं. नवऱ्या सजवण्यात तिचा हात धरणारं त्या रस्त्यावर कुणी नव्हतं. सीरीन शाळेत तोंड उघडत नाही, तिला गाण्याबजावण्याला घाला, असं बाईंनी सांगितलं म्हणून मोंजिया तिला संगीतशाळेत घेऊन गेली. तिथं सगळ्या पोरांना गिटारसारखं ऊद नाहीतर व्हायोलिन हवं. चेलो, व्हायोलिनचा तो थोरला भाऊ, कोपऱ्यात धूळ खात उभा. तिजानी मास्तरांनी सीरीनचे लांबसडक हात बघितले आणि तो तिच्यापुढे आणून ठेवला. पोरीनं दोन्ही गुडघ्यांत त्याला असं धरलं, जसं काही कुणी काढून नेणार होतं.

पहिलं वर्षभर घरात नुसती करकर. शेजारची हाजर भिंतीवरून ओरडायची, "मोंजिया, पाण्याचा पंप बिघडला का गं परत?"

"बिघडला नाही, शिकतोय!" मोंजिया इकडून ओरडायची.

मोंजियाला सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ती उठून गेली की पोर वाजवायची थांबते, एवढं कळलं होतं. म्हणून रोज संध्याकाळी ती त्या खोलीत बसून राही. केसांचे रोलर निवडी, कंगवे धुई, भाजी चिरी. स्वतःचं मूल तिला झालं नाही. एकदा राहिलं होतं, तिसऱ्या महिन्यात गेलं. सकाळी दवाखान्यातून आली आणि संध्याकाळी पोटाला फडकं घट्ट बांधून सीरीनला क्लासला घेऊन गेली. लझार समुद्रावर होता. त्याला नंतर कळलं.

सीरीन पंधरा वर्षांची झाली त्या वर्षी ट्युनिसच्या युवा ऑर्केस्ट्रासाठी पोरं निवडणार असल्याचं मास्तरांनी सांगितलं. "हिला घेतील," ते मोंजियाला बाजूला घेऊन म्हणाले, "हात पक्का आहे. पोटाचं तेवढं बघा."

पोटाचं खरंच बघावं लागायचं. चार लोकांपुढे वाजवायचं म्हटलं की सीरीनला उलटी होई. मोंजिया पिशवीत प्लास्टिकचा डबा, ओलं फडकं आणि संत्र्याच्या फुलांच्या पाण्याची बाटली ठेवून असे. चमचाभर पोटात गेलं की पोर थाऱ्यावर यायची.

निवडीची तारीख लागली. त्याच दिवशी तिच्या सख्ख्या बहिणीच्या, सैदाच्या मुलीचं लग्न होतं. आणि नवरीला मावशीनंच सजवायचं, हे ती मुलगी रांगत होती तेव्हापासून ठरलेलं.

सैदानं आधी हसण्यावारी नेलं. मग म्हणाली, "बाप नाही का जाणार पोरीबरोबर?"

"बोट बाहेर आहे."

"मग जिनं जन्म दिला ती?"

मोंजियानं हातातला पेला खाली ठेवला.

"अगं, ही आपल्या रक्ताची पोर आहे. ती कोण लागते तुझी?"

"वाढवलीय मी तिला."

"कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवली तर तीही उबवते बिचारी," सैदा म्हणाली. "पिल्लं पाण्यात पोहत जातात आणि ही काठावर बोंबलत बसते. जा. पण माझ्या दारात परत येऊ नकोस."

मोंजिया गेली.

पहाटेच्या गाडीत तिनं चेलोसाठी वेगळी जागा घेतली होती. ड्रायव्हर काळ्या पेटीकडे बघून म्हणाला, "हा पाहुणा जिवंत आहे का मेलेला?"

"जिवंत आहे, आणि तुझ्यापेक्षा गोड बोलतो. पुढची सीट दे त्याला."

"पट्टा लावा त्याला," मागून एक म्हातारा म्हणाला, "नाहीतर पोलीस म्हणतील, प्रेत पळवताय."

गाडी हसली. सीरीननं मात्र खिडकीकडे तोंड फिरवलं. आजकाल मोंजिया मोठ्यानं बोलली की ती अशीच तोंड फिरवायची. वय आहे, असं म्हणून मोंजिया सोडून देई.

ट्युनिसच्या त्या इमारतीत लांबलचक बोळ होता आणि बोळभर आया. कुणी मुलाची कॉलर सरळ करतेय, कुणी फ्रेंचमध्ये दटावतेय. मोंजियानं एक बाक धरला, चेलो भिंतीला टेकवला आणि जेवणाचा डबा उघडला. उकडलेली अंडी, पाव, हरीसाची तिखट चटणी. सकाळपासून पोरीच्या पोटात काही नव्हतं.

"मावशी, इथं नको," सीरीन दातांत बोलली. "वास येतोय."

शेजारी एक बाई बसली होती, मोतिया रंगाचा कोट घातलेली, व्हायोलिनवाल्या मुलाची आई. बोलायला बरी होती. तिनं सीरीनला गाव विचारलं, मास्तरांचं नाव विचारलं. मग मोंजियाकडे बघून हसत म्हणाली, "या आई का तुझ्या?"

"नाही," सीरीन म्हणाली. "माझी आई फ्रान्सला असते. या आमच्या शेजारी राहतात. सोबतीला आल्यात."

मोंजियाच्या हातात अंडं होतं, अर्धं सोललेलं. तिनं ते तसंच डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं. झाकण नीट बसेना. बाई तिच्याकडे बघत होती, म्हणून तिनं मान हलवली. "हो. शेजारीच."

सीरीनचं नाव पुकारायच्या थोडं आधी तिला उमळून आलं. मोंजियानं तिला न्हाणीघरात नेलं, कपाळ धरलं, तोंड पुसलं, चमचाभर फुलांचं पाणी पाजलं.

दार बंद झालं. आतून चेलो ऐकू यायला लागला. तो तुकडा मोंजियानं घरात इतक्यांदा ऐकला होता की तिची बोटं मांडीवर आपोआप हलत होती. मध्येच आवाज तुटला. परत सुरू झाला, परत तुटला. मग दार उघडून सीरीन एकटीच बाहेर आली, वाद्य आतच टाकून. चेहरा चुन्यासारखा.

"चल घरी," ती म्हणाली.

बोळातल्या माणसानं पुढचं नाव पुकारलं. मोंजिया उठली, त्याच्या हाताखालून वाट काढली आणि दार ढकलून आत गेली. आत तिघं परीक्षक होते.

"बाई, असं आत येता येत नाही," एकजण म्हणाला.

"ठाऊक आहे. पण आता आलेय तर ऐका. स्फाक्सहून पहाटे निघालोय आम्ही. पोरीच्या पोटात पाणी ठरत नाहीये. तिला घटकाभर बसू द्या आणि एकदाच परत ऐका. मग नको वाटली तर नाही म्हणा. मी काही तुमच्या दारात ऊर बडवून घेणार नाही."

तिच्या स्फाक्सी हेलाला तरुण परीक्षक तोंडावर हात ठेवून हसला. मधल्या पांढऱ्या केसांच्या बाईनं चष्मा काढला. "तुम्ही आई का मुलीच्या?"

मोंजियानं मागे बघितलं. सीरीन दारात उभी होती, लाल झालेली.

"नाही," मोंजिया म्हणाली. "सोबतीला आलेय."

"बोलवा तिला. आणि तुम्ही बाहेर थांबा."

या वेळी आवाज तुटला नाही. मोंजिया बाहेर उभ्यानंच ऐकत होती. मोतिया कोटवाली म्हणाली, "शेजारीण असावी तर अशी." चांगल्या मनानंच म्हणाली असेल.

परतीच्या गाडीत सीरीननं चेलो आपल्या शेजारी ठेवून घेतला. मग म्हणाली, "तू आत कशाला आलीस? ते हसले तुला."

"हसू देत. वाजवलंस ना?"

"आता मला घेतलं तरी सगळे म्हणणार, त्या बाईनं भीक मागितली म्हणून घेतलं."

त्या बाईनं. मोंजियाच्या जिभेवर विचारायचं आलं होतं, की मी तुझी शेजारीण कधीपासून झाले? पण पोर दमली होती, आणि उत्तर काय येईल याची मोंजियाला धास्ती वाटली. एरवी परत येताना सीरीन तिच्या खांद्यावर झोपायची. त्या दिवशी ती चेलोच्या पेटीवर डोकं टेकून झोपली.

निवड झाली. बातमी कळताच सीरीननं पहिला फोन मार्सेयला केला. मोंजिया शेजारच्या खोलीत एकीच्या केसांना रंग लावत होती. तिनं सगळं ऐकलं. "मम्मा, घेतलं मला!" मम्मा. एवढा आनंद तिच्या आवाजात मोंजियानं कधी ऐकला नव्हता.

उन्हाळ्याच्या शेवटी ट्युनिसला मोठा कार्यक्रम होता. प्रत्येक घराला दोनच जागा. लझार तेव्हा घरी होता. जेवताना माशातले काटे काढत, मान खालीच ठेवून तो म्हणाला, "रौदा येतेय."

"कुठं?"

"कार्यक्रमाला. पोरीनंच बोलावलंय. तिच्या मनाचा प्रश्न आहे, मोंजिया. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा येतेय ती."

"आणि मी?"

लझारनं काटा ताटाच्या कडेला ठेवला. "तू तर ती धून घरात हजारदा ऐकलीयस."

रौदा आदल्या दिवशी सीरीनला न्यायला म्हणून पार्लरच्याच दारानं आत आली. सडपातळ, थोडी थकलेली, नीटस कपड्यांतली. वाईट बाई असती तर मोंजियाला सोपं गेलं असतं. ती अगदी संकोचून म्हणाली, "सीरीन सांगत होती, तुमच्यासारखा हात साऱ्या गावात नाही. माझे पण केस करून द्याल?"

मोंजियानं तिला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती फडकं बांधलं, केस धुतले. केस तंतोतंत सीरीनसारखे होते. कानामागचा भोवरासुद्धा.

"सुरांचा कान माझ्याकडून आला तिला," आरशात बघत रौदा म्हणाली. "माझे आजोबा ऊद वाजवायचे."

"पोट पण तुमचंच का?"

"म्हणजे?"

"वाजवायच्या आधी उलटी होते तिला. जवळ डबा ठेवा. आणि संत्र्याच्या फुलांचं पाणी, चमचाभरच. जास्त झालं तर झोप येते."

रौदा थबकली. "मला कधी बोलली नाही ती."

"बोलायची गोष्ट नाही ती," मोंजिया ड्रायर उचलत म्हणाली. "दिसते."

पुढं बोलणं झालं नाही, ड्रायरचा आवाज होता. निघताना रौदानं पर्स उघडली आणि मोंजियानं पैसे घेतले. का नाही घ्यायचे?

मग सीरीन येऊन खुर्चीत बसली. मोंजियानं तिची वेणी घातली, कार्यक्रमाला मोकळी सुटू नये म्हणून घट्ट, पिना लावून.

"मावशी, राग आला का गं?"

"मान हलवू नकोस."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी घरात बसवेना म्हणून मोंजिया सैदाकडे गेली. लग्नाला न गेल्यापासून दोघी बोलत नव्हत्या. सैदानं दार उघडलं, क्षणभर बघितलं आणि तिला पुढच्या खोलीत बसवलं, जिथं परक्या पाहुण्यांना बसवतात. कॉफी सोनेरी कडेच्या कपातून आणली. इतकी वर्षं मोंजिया त्या घरात स्वयंपाकघरात, पाटावर बसून, काचेच्या साध्या पेल्यातून कॉफी प्यायली होती.

"कार्यक्रमाला गेली नाहीस?"

"जागा दोनच होत्या."

सैदाला आता कोंबडीची गोष्ट काढता आली असती. तिनं काढली नाही. "साखर बरोबर आहे ना?" एवढंच विचारलं. मोंजियाला वाटलं, हिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

पुढं शाळा संपली आणि सीरीन मार्सेयला शिकायला गेली, आईकडे. संगीतशाळेचा चेलो मोंजियानंच परत नेऊन दिला. तिजानी मास्तरांनी चौकशी केली, सीरीनचे फोन येतात का? येतात की, मोंजिया म्हणाली. यायचेही, सणासुदीला, बापाच्या नावे. लझार बोलून झाला की फोन पुढं करायचा. "मावशी, कशी आहेस?" "बरी आहे. तू जेवतेस ना?" "हो गं." मग दोघींनाही पुढं काही सुचत नसे, आणि फोन परत लझारकडे जाई.

दोन उन्हाळे गेले. सीरीन येते येते म्हणत आली नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात ती ऑर्केस्ट्राबरोबर स्पेनला गेली होती. पार्लरमध्ये गर्दी वाढत होती, बायकांना बसायला जागा पुरत नव्हती. एका सकाळी मोंजियानं सीरीनच्या खोलीतला पलंग सुटा करून अंगणात काढला आणि केस धुवायचं दुसरं बेसिन कुठं बसेल, ते खडूनं भिंतीवर आखायला लागली.

लझार आता बोटीवर जात नव्हता. तो दारात येऊन उभा राहिला. "हे काय चालवलंयस? पोर आली तर झोपेल कुठं?"

"तिच्या आईकडे," मोंजिया म्हणाली.

थोड्या वेळानं लझारनं दुसरी बाजू धरून कपाट सरकवायला मदत केली. नळवाला दुसऱ्या दिवशी आला, आणि आठवडा संपायच्या आत त्या खोलीत दोन खुर्च्या चालू झाल्या.