सटाण्याला जाताना देवळ्यात थांबलेली गाडी

दसरा झाल्यापासून आईचा एकच प्रश्न होता, "सटाण्याला कधी नेतेस?" तिची मोठी बहीण, माझी मावशी, सटाण्याच्या अलीकडे मळ्यात राहते. खुब्याच्या ऑपरेशननंतर आईला एसटीच्या पायऱ्या चढवत नाहीत. मावशी म्हणते, नाशिकच्या फ्लॅटमध्ये जीव गुदमरतो. दोघींची बऱ्याच दिवसांत भेट नव्हती. मी आठवडाभराच्या ऑफिसने इतकी दमले होते की 'पुढच्या शनिवारी जाऊ' हे अगदी ओठांवर आलं होतं. पण ऐंशीच्या घरातल्या दोन बायकांना पुढचा शनिवार सांगायचा धीर झाला नाही.

रस्ता सोपा आहे. आग्रा हायवेने पिंपळगाव बसवंत, पुढे सोग्रस फाट्याला डावीकडे वळून भावडबारीचा छोटा घाट, मग देवळा आणि सटाणा. सकाळी लवकर निघा, नाहीतर पिंपळगावच्या आसपास कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे रांगावं लागतं. आम्ही उशिरा निघालो आणि रांगलो.

माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. थांबली की इंजिन आपोआप बंद होतं, ब्रेक सोडला की सुरू होतं. टोलच्या रांगेत प्रत्येक वेळी सुरू होताना ती हिसका देऊ लागली. मिसळ खायला थांबलो तेव्हा मी मनाशी म्हटलं, परत फिरावं का? आई रश्शात पाव बुडवत म्हणाली, "आज गाडी छान पळतेय हं." मी बिल दिलं आणि गाडी पुढेच काढली. ते बरोबर केलं की नाही, हे मला अजूनही ठरवता येत नाही.

भावडबारीत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडी एकाच गिअरला अडकून बसली. मागून ट्रकवाले हॉर्न देत होते. आम्ही रखडत देवळ्यात उतरलो आणि सटाणा रस्त्यावर ऑटो इलेक्ट्रिकचा पहिला बोर्ड दिसला तिथे थांबलो.

गॅरेजवाले बापू, पन्नाशीचे, भरघोस मिशांचे. स्कॅनर लावून त्यांनी निकाल दिला, "ताई, गिअरबॉक्समधला ऑइलचा इलेक्ट्रिक पंप गेला. शंभर टक्के. इंजिन बंद असताना तोच प्रेशर धरून ठेवतो. इथं मिळायचा नाय, नाशिकहून मागवावा लागंल. गाडी राहू द्या."

"सोमवारपर्यंत?"

"सोमवार म्हणा, मंगळवार म्हणा."

मी मावशीला फोन करून सांगितलं की आमचं येणं होत नाही. ती म्हणाली, "मंग मीच येस."

तासाभरात शेजाऱ्याच्या पिकअपमधून मावशी उतरली. मागचं दार उघडून आईच्या शेजारी बसली आणि दार ओढून घेतलं. "कशी शेस व माय? तुना पाय कसा शे?" आईचं नाशिकमधलं प्रमाण मराठी पाच मिनिटांत गळून पडलं आणि तीही अहिराणी बोलू लागली.

इकडे मला चैन पडेना. स्कॅनरने 'पंप सर्किटमध्ये बिघाड' असं दाखवलं होतं. सर्किट म्हणजे नुसता पंप नव्हे ना, असं मी भीत भीत विचारलं.

"मीटरला पंपाच्या प्लगवर बारा व्होल्ट येतायत की! करंट हाय, पंप फिरंना, म्हणजे पंप गेला," बापू म्हणाले. पण माझं तोंड बघून असेल, त्यांनी बॅटरीवरून पंपाला थेट दोन तारा जोडल्या. पंप गुणगुणू लागला.

बापूंनी मिशीवरून हात फिरवला. "मंग शंभरातले पन्नास धरा."

आता त्यांनी प्लगला हेडलाइटचा बल्ब जोडला. मीटरला बारा व्होल्ट दाखवणाऱ्या तारांवर तो निखाऱ्यासारखा नुसता लाल झाला. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे तो फसतो. खरं ओझं पडल्यावर तारेतला दोष उघड होतो. मग बल्बची एक बाजू प्लगच्या पॉझिटिव्हवर तशीच ठेवून दुसरी त्यांनी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. बल्ब लख्ख पेटला. म्हणजे येणारा करंट ठीक होता, बिघाड तो परत नेणाऱ्या अर्थिंगमध्ये होता. बॅटरीखाली बॉडीला कसलेला अर्थिंगचा बोल्ट निघाला तो ओला आणि पांढऱ्या-हिरव्या गंजाने भरलेला.

"दसऱ्याला बोनेट उघडून प्रेशरनं गाडी धुतली का?"

धुतली होती. आमच्या कॉलनीत सगळेच धुतात. पूजेला गाडी आतून-बाहेरून स्वच्छ हवी.

"दसरा ते दिवाळी आमचा सीझन असतो, ताई. देवीची कृपा."

(माझ्या गाडीतला पंप साध्या दोन तारांचा आहे म्हणून ही थेट जोडणी चालली. तुमच्या पंपाला जास्त तारा असतील तर असं करू नका.)

या सगळ्यात मी सारखी मागच्या खिडकीत डोकावत होते. "झालंच हं, आई." "कंटाळलीस का?" "चहा आणू?" दर वेळी दोघी बोलायच्या थांबत, माझ्याकडे बघत, मान हलवत.

बापूंनी बोल्ट घासून लख्ख केला, व्हॅसलीन लावून कसला. "आता ट्रायल. मावशी, उतरा."

"आम्ही नही उतरतस. तू चलाव गाडी."

शेवटी दोघींना मागे ठेवूनच ट्रायल झाली. हिसका नाही, दिवा नाही. बापूंनी पाचशे रुपये घेतले. आता आईला घेऊन पुढे जाणं शहाणपणाचं होतं का? मी विचार करत होते तोवर आई म्हणाली, "चल ना गं, समोर तर आहे."

मावशीच्या घरापुढचा ओटा कमरेएवढा उंच, पायऱ्यांना कठडा नाही. तिचा मुलगा म्हणाला, खुर्चीत बसवून उचलू. "मी काय कांद्याचं पोतं आहे?" आई म्हणाली आणि गाडीतच बसून राहिली. सुना आल्या, नातवंडं आली, शेजारणी आल्या, प्रत्येकीने ऑपरेशनची चौकशी केली. मावशी घरात भाकऱ्या थापत होती. दोघींना एक वाक्यसुद्धा धड बोलता आलं नाही. भाकरी आणि ठेचा मांडीवर घेऊन खाल्ला आणि उजेडात घाट उतरायला निघालो.

नाशिकच्या सर्व्हिस सेंटरने अर्थिंगची तार बदलून दिली. पंप अजून जुनाच आहे, नीट चालतो. मी मात्र त्या दिवसाने आणखी थकले. त्या घरी पोचावं म्हणून मी दुपारभर धडपडले, आणि तिथे आईला उंबरासुद्धा ओलांडता आला नाही.

परवा शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "काय, झाली का बहिणीची भेट?"

"झाली की. देवळ्याला. अगदी पोटभर."

"देवळ्याला कोण असतं तुमचं?"

"कोणी नाही," आई म्हणाली. "म्हणूनच तर."